मधला रंग

औषध आत सोडलं की दोन तास लघवी करायची नाही, असा नियम. नुसतं पडून राहायचं असतं तर एक वेळ ठीक, पण दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायची. आधी उताणं, मग डाव्या कुशीवर, मग पालथं, मग उजव्या कुशीवर, की पुन्हा पहिल्यापासून. लघवीच्या पिशवीला आतून सगळीकडं औषध सारखं लागलं पाहिजे ना. सिस्टरनं हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा बिरप्पाला हसूच फुटलं. घ्या, आता हे त्याला शिकवणार! भवानी पेठेतल्या रंगखान्यात चाळीस वर्षं त्यानं दुसरं केलं तरी काय होतं? वाफाळत्या टाकीवर दांडीला टांगलेल्या सुताच्या लडी थोड्या थोड्या वेळानं उलटायच्या, नाहीतर एक अंग गडद आणि एक अंग फिकं. इथं फरक एवढाच, की टाकी पोटात होती आणि उलटायचं होतं अख्ख्या माणसाला.

उलटण्याचं खातं त्याच्या बायकोकडं, गोजाबाईकडं होतं. ती स्टुलावर बसून मोबाइलकडं बघत राही आणि पंधरा मिनिटं भरली की त्याच्या खांद्यावर दोन बोटं टेकवी. मधल्या वेळात बिरप्पाचा डोळा लागे. साधं डुलकी घेणं नव्हे ते. दुपारची वेळ, खिडकीबाहेर सोलापूरचं ऊन, वर पंखा संथ फिरतोय, आणि हा आपला सरळ आत उतरे. आत म्हणजे कुठं, तर स्वतःच्याच पोटात. आणि पोटात बघतो तर सांगोल्याकडचं माळरान.

तो मूळचा तिकडचाच. धनगराच्या घरात जन्मलेला, मेंढरांमागं वाढलेला. सतराव्या वर्षी चुलत्याशी भांडून सोलापूरला आला, रंगखान्यात शिरला, आणि मेंढरांकडं परत गेला नाही. आता वय सहासष्ट. काम सोडून नऊ वर्षं झालेली. लेक राजनंदिनी शिकली, सात रस्त्याजवळच्या एका लॅबमध्ये लागली, लग्न होऊन शुक्रवार पेठेत नांदायला गेली, म्हणजे चालत दहा मिनिटांवर. म्हाताऱ्याचं सगळं सुरळीत चाललं होतं म्हणायचं.

मग एका सकाळी लघवीला लाल झालं. दुसरा कुणी असता तर घाबरून दवाखान्यात पळाला असता. बिरप्पा पळाला नाही. त्यानं खाली वाकून नीट बघितलं आणि मनाशी म्हणाला, हा आपला जुना लाल, तिसऱ्या धुण्याला उतरतो तसला. तुम्ही हसाल, पण रंगाऱ्याचं डोकं असंच चालतं. ऐन उमेदीत ज्या दिवशी टाकीला नारिंगी असे, त्या दिवशी संध्याकाळी सगळ्या गड्यांची लघवीसुद्धा नारिंगी होई, आणि त्यावरून मोठी थट्टा चाले. तेव्हा याला वाटलं, अंगात मुरलेला रंग नऊ वर्षांनी का होईना बाहेर पडतोय, पडू दे, बरंच आहे. अशी चार महिने त्यानं रंगाची वाट मोकळी करून दिली. शेवटी गोजाबाईनं फरशीवर बघितलं आणि त्याला फरफटत नेलं.

डॉक्टर पंचाक्षरी बोलायला शांत माणूस. त्यांनी आधी काम विचारलं, मग बिड्या विचारल्या, आणि दोन्हींची उत्तरं लिहून घेताना मान हलवत राहिले. पिशवीत गाठ होती, कॅन्सरची. लघवीच्या वाटेनंच दुर्बीण घालून त्यांनी ती खरवडून काढली आणि पुन्हा उगवू नये म्हणून हे सहा आठवड्यांचं औषध सुरू केलं. तान्ह्या बाळाच्या दंडावर क्षयाची लस टोचतात ना, तीच ही. अर्धमेले जंतू. ते स्वतः काही भलं करत नाहीत, नुसता गोंधळ घालतात, आणि तो गोंधळ ऐकून रक्तातल्या राखणदार पेशी धावत येतात. आल्या की समोर गाठ दिसते, मग तिलाही धरतात. बिरप्पाला हे लगेच पटलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी डॉक्टर त्याच्या समजुतीचं बोलला होता.

म्हणून त्या दुपारी माळरानावर माणसं येऊ लागली. घोंगड्या पांघरलेली, हातात काठ्या, पायांत जाड वहाणा, चारी दिशांनी चालत येणारी. त्यातले कितीतरी चेहरे ओळखीचे वाटत: मेलेला चुलता, आजोळचा कुणी, पार लहानपणी बघितलेला कुणी. कुणी बोलत नसे. माळाच्या मध्यावर मेंढरं कोंडायची जाळी लावलेली असे, तिला त्याच्याकडं वाघर म्हणतात, आणि त्या वाघरीच्या आत अंधार असे. माणसं चालत वाघरीपर्यंत येत. तिथं उभी राहत, काठीवर हनुवटी टेकत, आणि आत बघत राहत. आत जा की, असं बिरप्पा त्यांना सांगणार, तोवर खांद्यावर दोन बोटं टेकत आणि गोजाबाई म्हणे, आता डाव्या कुशीवर.

सहा आठवडे संपले. दीड महिन्यानं पुन्हा दुर्बीण घातली तर गाठ परत आलेली, आधीच्याच जागेजवळ. पंचाक्षरींनी तीही खरवडली आणि या खेपेला तुकड्यांच्या दोन तपासण्या सांगितल्या. एक पुण्याला, जीनची. पेशीपेशीत जीन असतात, म्हणजे कामाच्या चिठ्ठ्या. त्यातली कुठली चिठ्ठी चालू आहे आणि कुठली बंद, हे तिथं कळतं. त्यातल्या काही जीनचं कामच मुळी राखणदारांना हाका मारण्याचं. दुसरी तपासणी सोलापुरातच, राजनंदिनीच्या लॅबमध्ये. तुकड्याचा पापुद्र्याएवढा पातळ काप काचेवर घ्यायचा आणि त्याला असा रंग द्यायचा, की राखणदार पेशी तपकिरी होतील आणि बाकी सगळ्या निळ्या. म्हणजे राखणदार गाठीत शिरलेत की नाही, हे डोळ्यांनी मोजता येतं.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. म्हणाले, या दोन कागदांवरच सगळं ठरवावं असं अजून कुणी छातीठोक सांगत नाही, पण तुमच्या बाबतीत पारडं अगदी मध्यावर आहे, तेव्हा मी यांचं ऐकणार. राखणदार आत शिरत असतील तर आणखी सहा आठवडे हेच औषध देऊन बघू. शिरत नसतील तर थांबण्यात अर्थ नाही, गाठ भिंतीतून बाहेर पडायच्या आत पिशवी काढून टाकावी लागेल. मग पोटाला भोक, आणि त्यावर बाहेरून चिकटवलेली प्लॅस्टिकची पिशवी, जन्मभर.

बिरप्पा मरणाला फार भ्यायचा असं नाही. पण ही बाहेरची पिशवी त्याच्या मनात रुतून बसली. धोतराची गाठ नेमकी तिथंच येते. रविवारी बिरोबाच्या देवळात ओव्या म्हणायला बसायचं तर मांडीला मांडी लावून बसायचं असतं. तिथं वास आला तर? फुटली तर? लोक काही म्हणणार नाहीत, नुसते थोडे सरकून बसतील, आणि ते सरकणं त्याला सोसलं नसतं. गाठ परत आल्याचं कळल्यापासूनच त्याचं जेवण तुटलं होतं. भाकरीचा तुकडा मोडून ताटात तसाच ठेवून तो उठून जाई. राजनंदिनी रोज संध्याकाळी येऊन ते बघत होती.

कागद आले. पुण्याचा सांगत होता की हाका मारणारे जीन चांगले जोरात चालू आहेत. सोलापूरचा सांगत होता की राखणदार आलेत, पण सगळे काठावर. गाठीच्या आत जवळपास कुणीच नाही. पंचाक्षरींनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा काढून डोळे चोळले, आणि म्हणाले, हाका मारून कुणी आत येत नसेल तर आपण किती हाका मारायच्या. पिशवी काढू या.

बिरप्पाच्या अंगाला कापरं भरलं. पिशवीचं ऐकून तर भरलंच, पण त्याहून जास्त या गोष्टीनं, की हे सगळं त्यानं आधीच बघितलं होतं. काठीवर हनुवटी टेकून उभी असलेली ती माणसं. त्यानं डॉक्टरांकडं आठ दिवस मागून घेतले आणि सोलापूरचा कागद घडी करून छातीच्या खिशात ठेवला. कागदावर काचेचा रंगीत फोटो होता, आगपेटीएवढा.

त्या आठ दिवसांत तो घरात असून घरात नव्हता. दुपार झाली की खाटेवर आडवा होई, आणि औषध नाही, सिस्टर नाही, तरी अंग आपोआप पंधरा मिनिटांनी कूस बदले. फोटो उशाशी असे. बघता बघता डोळा लागे, आणि लागला की फोटोच मोठा होत होत माळरान होई. आता त्याला वाघरीच्या आत जाता येत होतं. चौथ्या दुपारी तो गेला. जाळी उचलली, वाकला, आत शिरला. आत लांडगा असणार, काळोख असणार, असं धरून चालला होता. पण तिथं लांडगा नव्हता, काळोखही नव्हता. तिथं काहीच रंग नव्हता. पायाखालची माती कोरी, झुडपं कोरी, स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला तर तोही कोरा, न रंगवलेल्या सुतासारखा. तो वळून काठाकडं बघू लागला तर तिकडं मात्र निळं आकाश आणि तपकिरी माणसं, सगळं ठसठशीत.

तो उठून बसला. फोटो खिडकीच्या उजेडात नेला आणि पहिल्यांदाच आजाऱ्यासारखा नाही, रंगाऱ्यासारखा बघितला. आणि कपाळाला हात लावला.

आता बघा, गंमत अशी. तपकिरी मध्यावर नसेल तर नसेल; राखणदार आले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. पण निळा? निळा तर सगळ्यांनाच चढायला हवा, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. गाठीच्या पेशीला निळा, शिरेच्या पेशीला निळा. आणि इथं काठावर निळा गडद होता, मध्याकडं जावं तसा विरत गेलेला, अगदी मध्यावर तर धुवून निघाल्यागत. सूत आधी नीट भिजवून, उकळून घेतलं नाही, तसंच टाकीत टाकलं, तर लडीचं हेच होतं. वरून रंग धरतो आणि आत कोरी राहते. शिकाऊ गडी ती हातात धरून मालकाला म्हणतो, रंगच कमी पडला. रंग कमी पडलेला नसतो. सूत भिजलेलं नसतं.

संध्याकाळी राजनंदिनी आली. गोजाबाई देवळात गेली होती, ते बरं झालं. बिरप्पानं लेकीला चहा घेऊ दिला, कप खाली ठेवू दिला, मग फोटो पुढं सरकवला.

"ह्यो तुकडा त्या उग्र वासाच्या पाण्यात किती वेळ हुता?"

ती म्हणाली, कुठल्या पाण्यात. तो म्हणाला, तूच सांगतीस की नेहमी, तुकडा आला की आधी त्यात बुडवून ठेवायचा म्हणून. फॉर्मॅलिन. तिनं फोटो उचलून उजेडाकडं धरला आणि परत खाली ठेवला. बापाला तेवढ्यावरून कळलं.

नियम रात्रभराचा होता. तुकडा जाड असेल तर अख्खा दिवस. तेवढं पाणी आत मुरलं नाही तर रंग मध्यापर्यंत धरत नाही. तिनं तीन तासांत काढला होता. शुक्रवारची बॅच गाठली तर अहवाल चार दिवस लवकर येणार होता; अप्पा जेवत नव्हते, रोज थोडे थोडे वाळत होते, आणि तिला ते चार दिवस बघवत नव्हते. बाटलीवर बापाचं नाव होतं म्हणून तिनं ते काम दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं. सहा वर्षांत कुणाच्याही तुकड्याशी जे केलं नाही ते तिनं स्वतःच्या बापाच्या तुकड्याशी केलं. हे सांगताना ती रडली नाही, नुसती फरशीकडं बघत बोलत राहिली, आणि बिरप्पाला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

खरं तर रंगखान्यात अशा चुकीला तो आईबहिणीवरून शिव्या देत असे. पण इथं राग कुठून आणायचा? त्यानं तिला तिच्या बारशाची गोष्ट सांगितली. लेक झाली म्हणून त्याला कोण आनंद. टाकीत उरलेल्या पिवळ्यात त्यानं घाईघाईनं एक कुंची रंगवली, ना सूत उकळलं, ना धड धुतलं. ती कुंची घालून पोरीला झोळीत निजवलं, आणि सकाळी पोर कपाळापासून गळ्यापर्यंत पिवळी. गोजाबाईनं कावीळ झाली म्हणून घर डोक्यावर घेतलं. सगळी आळी गोळा झाली, कुणी मांत्रिक सुचवला, कुणी सिव्हिल. बिरप्पा कोपऱ्यात उभा, तोंड उघडायची सोय नाही. शेवटी ओल्या फडक्यानं पुसल्यावर कावीळ फडक्यावर आली.

"आपल्या माणसाच्या कामाला हात लई घाई करतो, राजी," तो म्हणाला. "पर सांगावं लागंल."

तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. लॅबच्या वैष्णवी मॅडम तिच्यावर अशा कडाडल्या, की बाहेर नंबर लावून बसलेल्या पेशंटनीही ऐकलं. नोकरी जाते की काय इथवर आलं होतं. मग मॅडमनी जुनी काच स्वतः पुन्हा बघितली, बराच वेळ बघितली, आणि पंचाक्षरींना फोन करून आपला अहवाल मागं घेतला. आलेल्या तुकड्यांतले निम्मे अजून बाटलीत तसेच होते, त्या पाण्यात आता चांगले दोन आठवडे मुरलेले. काम पुन्हा राजनंदिनीनंच करायचं, पण नियमानं, असं मॅडम म्हणाल्या. आणि कुणाच्या वडिलांना रंगातलं एवढं कळतं ते आपल्याला एकदा बघायचंय, असंही म्हणाल्या.

पुढचे पाच दिवस त्या घरात कसे गेले ते काय सांगावं. पहिला कागद खोटा ठरला म्हणजे सगळंच खोटं ठरलं, असं गोजाबाईनं ठरवूनच टाकलं. तिनं बिरोबाला भंडारा बोलला. बिरप्पा भाकरी खाऊ लागला. दुपारच्या झोपेत माळरान हिरवं होत चाललं होतं. माणसं वाघर उचलून आत शिरताना त्यानं बघितली, एकामागून एक, वाकून, डोईचं मुंडासं सांभाळत, आणि आतून ढोलाचा आवाज येत होता. जागा झाल्यावरही तो आवाज बराच वेळ कानात राही. पुण्याचा कागद हाका मारतोय म्हणत होताच. हाका ऐकून माणसं यायचीच. त्यानं मनातल्या मनात आणखी सहा आठवडे मोजून ठेवले, कुशी बदलायची तयारी केली, आणि पंचाक्षरींना काय म्हणायचं तेही ठरवलं. आशा वाईट असते म्हणतात ती काही खोटी गोष्ट नाही. माणूस जेवायला लागतो.

सहाव्या दिवशी सकाळी राजनंदिनीनं त्याला लॅबमध्ये नेलं. मॅडमच्या खोलीत दोन जणांना एकदम बघता येईल असा मायक्रोस्कोप होता. मॅडमनी उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, आणि आपण होऊन बाहेर गेल्या. राजनंदिनीनं काच लावली, त्याचा चष्मा काढून हातात घेतला, आणि डोळे कुठं टेकवायचे ते दाखवलं. स्वतः मात्र दुसऱ्या नळीला डोळे लावले नाहीत. ती त्याच्या शेजारी उभी राहिली.

आधी नुसताच उजेड. मग तिनं खालचं चाक फिरवलं आणि उजेडातून मुलूख वर आला. बिरप्पा खुर्चीत पुढं सरकला. एवढं सगळं आपल्या पोटात आहे, हे माणसाला कुणी सांगितलं तर पटेल का? निळ्या ठिपक्यांची रानं पसरली होती, मधून गुलाबी ओढे गेले होते, कुठं दाट, कुठं विरळ, सगळं स्तब्ध. तो हरखून बघत राहिला. राजनंदिनी काच हळूच सरकवत होती आणि तो मुलूख त्याच्या डोळ्यांखालून वाहत होता, काठाकडून मध्याकडं. निळा कुठंही हलला नाही. काठावर होता तसाच आत, आत होता तसाच मध्यावर, एकसारखा, स्वच्छ, ठिपक्या-ठिपक्याला बसलेला. चाळीस वर्षांत त्याच्या हातून असा रंग चार-पाच वेळाच उतरला असेल. त्याची छाती भरून आली. पोरीनं हे केलंय, एवढंच त्याला पहिल्यांदा सुचलं.

मग त्याला आठवलं की आपण निळा बघायला आलेलो नाही.

त्यानं तिला पुन्हा काठाकडं न्यायला सांगितलं. काठावर तपकिरी होते. दाटीवाटीनं, खांद्याला खांदा लावून, रांगच्या रांग. तिथून त्यानं एकेक पाऊल टाकावं तसं आत बघितलं. एक तपकिरी, मग बऱ्याच अंतरावर आणखी एक. मग नुसता निळा. पुढं निळा. मध्यावर निळा. तिनं काच सगळीकडून फिरवली, त्याच्या सांगण्यावरून दोनदा फिरवली. एकदा त्याला वाटलं डोळ्यांत पाणी आल्यामुळं दिसत नसेल, म्हणून त्यानं ते पुसलं आणि परत बघितलं.

बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. बिरप्पानं डोळे वर न करताच बोलायला सुरुवात केली.

"रंग पोचलाय, राजी. पार मधोमध पोचलाय. कुटं कोरं न्हाय." मग थांबून म्हणाला, "माणसं तेवढी भाईरच हायती."

आता ती रडली. तिनं काल संध्याकाळीच बघितलं होतं. रात्रभर तिला माहीत होतं, आणि सांगायला तोंड झालं नव्हतं. हुंदके देत ती जे बोलली त्यातलं एकच वाक्य त्याला धड कळलं.

"अप्पा, माझी चूक मोठीच निघावी, असं मी देवाला म्हणत होते."

केवढं बोलली पोर. नोकरी गेली असती तरी चाललं असतं, आयुष्यभर बोल लागला असता तरी चाललं असतं, पण पहिली काच पुरती खोटी निघायला हवी होती. बिरप्पानं तिच्या हातातला चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिला. त्यालाही भीती वाटत होती, ती काही कुठं गेली नव्हती. पोटाचं भोक, प्लॅस्टिक, धोतराची गाठ, सगळं होतं तिथंच होतं. पण गेला आठवडाभर जी शंका त्याला आतून कुरतडत होती ती आता नव्हती. माणसं आली नाहीत, हे खरं होतं. त्यानं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि ज्या रंगात बघितलं त्या रंगात खोट नव्हती.

दुपारी दोघं पंचाक्षरींसमोर बसले. नवा कागद त्यांच्यापर्यंत आधीच पोचला होता. हे म्हातारबुवा पुन्हा आठ दिवस मागणार असं धरून ते हळूहळू, समजुतीच्या सुरात सुरू झाले: पिशवी काढली तरी माणसं कामं करतात, प्रवास करतात, लग्नाकार्याला जातात. बिरप्पानं त्यांना मध्येच थांबवलं आणि तारीख विचारली.

पंचाक्षरींनी त्याच्याकडं जरा निरखून बघितलं. मागच्या खेपेला याच माणसाचं अंग थरथरत होतं. त्यांनी विचारलं, निकाल तर तोच आला, मग आता एवढ्या लवकर कसं ठरलं?

"पैल्या कागदावर म्या पोटाला सुरी लावू दिली नसती," बिरप्पा म्हणाला. "ह्याच्यावर देतो. ह्यो रंग माज्या पोरीनं दिल्याला हाय, आन् म्या बगितलाय."

शेजारी राजनंदिनी मान खाली घालून बसली होती. पुढचा मंगळवार ठरला. पंचाक्षरींनी संमतीचा कागद काढून पुढं केला. बिरप्पानं सही केली, आणि साक्षीदाराच्या जागी राजनंदिनीनं.